दंत आहेत, हत्तीचे नाहीत

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं लोकांचे दात केले. काढले नाहीत, केले. हा फरक ते प्रत्येकाला पहिल्या भेटीतच समजावून सांगत. काढायला काय, पक्कड आणि थोडी दांडगाई असली की झालं. कवळी करायला हात लागतो. लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा नाव विचारायच्या आधी त्यांनी मला हसायला सांगितलं. मी हसले. ते वाकून बघत म्हणाले, "खालचे पुढचे दोन जरा दाटीवाटीनं बसलेत. पण चालेल." मी सून म्हणून पास झाले की पेशंट म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.

सत्तराव्या वर्षी त्यांनी आपली लॅब बंद केली. हात थरथरत नव्हता, नजरही शाबूत होती, पण आता दात यंत्रं करायला लागली होती आणि यंत्राशी गप्पा मारता येत नाहीत असं त्यांचं म्हणणं पडलं. हत्यारांची गुंडाळी आणि दोन पत्र्याच्या पेट्या घेऊन ते घरी आले, आणि जी बारीक नजर चाळीस वर्षं दातांवर होती ती घरावर पडली. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लागले. सुऱ्यांना अशी धार आली की सासूबाईंची दोन बोटं एकाच आठवड्यात कापली. मिक्सर बिघडलेला नव्हता, तो त्यांनी उघडला, आणि मग तो बिघडला. सासूबाई कांदा चिरत असल्या की हे मागे उभे राहून म्हणत, "तुकडे एकसारखे नाहीत."

सासूबाई गरीब गाय. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. सासरे घरी बसल्याच्या एकोणिसाव्या दिवशीही त्यांनी तो चढवला नाही. सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि म्हणाल्या, "वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मण्यांच्या दागिन्यांचा क्लास आहे. मंगळवार आणि शुक्रवार, दोन ते पाच. मी माझं नाव घातलं होतं. आता तुम्ही जा."

"मी? बायकांच्या क्लासला?"

"आयुष्यभर बायकांच्या तोंडात हात घातलात, तेव्हा नाही काही वाटलं. आता हातात मणी घ्यायला कसली लाज?"

सासरे गेले.

क्लासमध्ये अकरा बायका आणि हे. शिकवणाऱ्या बाई उत्साही होत्या आणि सगळ्यांशी पहिलीतल्या मुलांशी बोलावं तशा बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी मेमरी वायर काढली. ही तार म्हणजे पोलादाची, स्प्रिंगसारखी वेटोळ्यांची. एका टोकाला गोल कडी वळवायची, मणी ओवायचे, दुसऱ्या टोकाला कडी वळवायची, की ब्रेसलेट तयार. हूक नाही, गाठ नाही. "हिचा आकार हिच्या लक्षात राहतो बरं का," बाई म्हणाल्या. "कितीही ओढा, सोडली की परत वेटोळं!"

संध्याकाळी सासऱ्यांनी हे घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं.

"त्यात काय नवल?" सासूबाई म्हणाल्या. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. मी चाळीस वर्षं असल्याच एकाबरोबर संसार केलाय."

पण त्या दिवसाची खरी हकिगत मला नंतर क्लासमधल्या एका बाईंकडून कळली. ही तार साध्या कटरनं कापली तर कटरलाच खाच पडते, हे शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. तरी एका उत्साही आजींनी घरून आणलेला बागेतला कात्रा चालवला. तुकडा सुटला तो थेट समोरच्या बाईंच्या अंबाड्यात जाऊन रुतला. आरडाओरडा झाला. सासरे उठले, अंबाड्यातून तुकडा अलगद काढला ("हलू नका, दुखणार नाही," असं सवयीनं म्हणत), आणि स्वतःच्या खिशातून कटर काढून सगळ्यांना दाखवलं: तोंड खाली धरायचं, वर तळहाताचं झाकण करायचं, मग कापायचं. कडी कशी वळवायची तेही दाखवलं. चाळीस वर्षं त्यांनी कवळ्यांना तारेचे आकडे वळवले होते. त्यांच्या हातून निघालेली कडी पैशासारखी गोल.

"तारेशी भांडायचं नाही," ते म्हणाले. "तिला वाटलं पाहिजे, आपण आपल्या मनानंच वळतोय."

हे त्यांना तारेच्या बाबतीत कळत होतं. माणसांच्या बाबतीत का कळत नव्हतं, देव जाणे.

शिकवणाऱ्या बाई आधी फुगल्या, मग त्यांनी शहाणपण करून कड्या वळवण्याचा सगळा भाग सासऱ्यांवर सोपवला. महिन्याभरात ते क्लासचे लाडके झाले. बायका त्यांच्यापुढे रांग लावत. ते एका डोळ्यानं कडी बघत आणि दुसऱ्यानं दात. "कडी छान झाली. पण डाव्या बाजूनं चावत नाही ना हल्ली? दाखवून घ्या." तिघी दाखवून आल्या आणि तिघींच्याही दाढा किडलेल्या निघाल्या. मग तर काय, त्यांचा शब्द खाली पडेना.

घरात मात्र मण्यांनी उच्छाद मांडला. पिठात मणी, चपलेत मणी. माझा नवरा न्हाणीघरात एका मण्यावरून घसरला आणि आठवडाभर एका कुशीवर झोपला. तेव्हा सासूबाईंनी हुकूम काढला, की आता या घरात नवा एकही मणी येणार नाही.

सासऱ्यांनी हुकूम पाळला. नवा मणी आणला नाही. माळ्यावरची पेटी खाली काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खोलीत चहा घेऊन गेले तर टेबलावर दात. शेकडो. कवळीत बसवायचे नकली दात मेणाच्या पट्टीवर ओळीनं चिकटवलेले येतात, तशा पट्ट्यांची चळतच होती. सासरे चष्म्यावर भिंग चढवून एका दाढेला आरपार भोक पाडत होते.

"बाबा, हे काय?"

"घाबरू नकोस, कोरे आहेत. कुणाच्या तोंडात गेलेले नाहीत."

"पण दात?"

"तू हे दात आहेत हे विसर आणि बघ," ते म्हणाले.

मी विसरायचा प्रयत्न केला आणि बघितलं. त्यांनी दाढा बाजूनं घासून गोल केल्या होत्या आणि कवळीला करत तसं पॉलिश केलं होतं. रंग सायीसारखा. चावायच्या बाजूच्या खाचा मात्र तशाच ठेवल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक मण्यावर चार पाकळ्यांचं इवलंसं फूल कोरल्यासारखं दिसत होतं. दोन दाढांच्या मध्ये एक डाळिंबी काचेचा मणी, असे तारेचे तीन वेढे भरले होते. खरं सांगायचं तर इतकं देखणं ब्रेसलेट मी कुठल्या दुकानात पाहिलं नव्हतं. "छान आहे," मी म्हटलं. "कुणाला सांगू नका." त्यांनी मान डोलावली.

आणि त्याच रविवारी आक्का आल्या.

आक्का म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त झाल्यापासून उरलेलं जग ही त्यांची शाळा. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "दुसऱ्याच्या थुंकीत हात घालणारा नवरा! हिला दुसरा मिळाला नाही?" हे वाक्य घरात अजून ताजं आहे. पुढे पन्नाशी उलटल्यावर त्यांचे स्वतःचे दात गेले, तेव्हा लॅबच्या मागच्या दारानं त्या गुपचूप आल्या. सासऱ्यांनी त्यांना कवळी करून दिली. गेली पंधरा वर्षं ती त्यांच्या तोंडात आहे, आणि पंधरा वर्षं त्या सगळ्यांना सांगतात, की मुलानं परदेशात मोठ्या तज्ज्ञाकडून करून घेतली. सासऱ्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. "कवळी ओळखू येत नाही हीच आपली शाबासकी," एवढंच म्हणत.

तर आक्का आल्या, बसायच्या आधी टेबलावरची धूळ बोटानं तपासली, आणि त्यांना ब्रेसलेट दिसलं.

"अगबाई! हस्तिदंत?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"दंत आहेत," सासरे म्हणाले. "हत्तीचे नाहीत."

"मग कुणाचे?"

ते तोंड उघडणार तेवढ्यात आक्कांनी स्वतःच उत्तर दिलं, "एखाद्या समुद्री प्राण्याचे असणार. नक्षी किती बारीक आहे!" आणि ब्रेसलेट मनगटाला टेकवलं. त्या तारेचा गुणच असा, की टेकवली की आपणच वेढे घेत बसते. आक्कांना नेमकं तेच आवडलं. दुसऱ्याची मदत लागली नाही. "मापात आहे अगदी. पुढच्या शनिवारी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी माझा सत्कार ठेवलाय. तिथे घालीन मी हे."

"आक्का, मी काय म्हणतो..."

"राहू दे हो. आढेवेढे कसले घेताय?"

सासऱ्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली. मग म्हणाले, "तुमचंच समजा."

आक्का गेल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. "बाबा, सांगायचं ना!"

"सांगतच होतो. त्यांनी कुणाचं ऐकून घेतलंय आजवर?" ते टेबलावरचा भुसा गोळा करत राहिले. मग हळूच म्हणाले, "आणि खरं सांगू का? माझ्या हातचं काहीतरी चारचौघांत घालीन, असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या."

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "कोण ओळखणार आहे?"

शनिवारी आम्ही सगळे गेलो. शाळेच्या सभागृहात तीनेकशे माणसं, सगळी केस पिकलेली किंवा गेलेली, आणि तरी आक्का आत आल्याबरोबर ताठ उभी राहिली. आक्का व्यासपीठावर बसल्या. ब्रेसलेट दिसावं म्हणून बाही दुमडलेली. भाषणात त्यांनी "शिस्त" हा शब्द सोळा वेळा उच्चारला आणि प्रत्येक वेळी तो हात वर केला. दिव्यांच्या उजेडात दाढा अशा झळकत होत्या की शेजारची बाई मला म्हणाली, "काय सुंदर आहे हो ते! कुठून आणलं?" मी म्हटलं, "परदेशातून." सवय लागली होती घराला.

मग पुष्पगुच्छ द्यायला एक माजी विद्यार्थी पुढे आले. पन्नाशीचे, गोलमटोल, हसरे. निवेदकानं सांगितलं, की हे शहरातले नामवंत दातांचे डॉक्टर. मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

डॉक्टर वाकले, पुष्पगुच्छ दिला आणि वाकलेलेच राहिले. आक्कांचा हात त्यांनी हातात घेतला, जवळ ओढला, चष्मा वर केला.

"बाई!" ते म्हणाले. माइक अर्ध्या हातावर होता आणि चालू होता. "बाई, या दाढा आहेत!"

"काय?"

"दाढा! खालच्या, मोठ्या! हे बघा ना, चावायच्या बाजूच्या खाचा. रंग बघा, कवळीच्या दातांची ए-टू शेड. अहो, बाई, तुमच्या हातात चोवीस दाढा आहेत!" त्यांना इतका आनंद झाला होता की आपण काय करून बसलोय हे त्यांना कळतच नव्हतं. "कुणी केलं हे? मला एक हवंय!"

आणि मग शेवटच्या रांगेतून एक जाडा आवाज आला, "आमच्याच असतील! बाईंनी पाडल्या तेवढ्या!"

जो हशा पिकला तो विचारू नका. तीनशे माणसांनी तीस वर्षांचा मार एका दमात हसून काढला. आक्का उठल्या, माइकमध्ये "दोन मिनिटं" म्हणाल्या आणि ताठ मानेनं मागच्या दारानं बाहेर पडल्या. सासूबाई आणि मी धावलो.

त्या बाथरूममध्ये बेसिनपुढे उभ्या होत्या. ब्रेसलेट ओढून काढायला बघत होत्या. ती तार नुसती फिरवली की निघते, ओढली तर लांबते आणि परत मनगटाला येऊन बसते. त्या ओढत होत्या, ते परत येत होतं.

"तुला माहीत होतं?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"होतं."

"आणि तू मला दाढा घालून भाषण करू दिलंस? शी! कुणाकुणाच्या तोंडातल्या!"

"कोऱ्या आहेत त्या, मावशी," मी मध्ये तोंड घातलं.

"तू गप्प बस. हा माणूस सुरुवातीपासून असाच. याला कशाचा विधिनिषेध नाही. आयुष्यभर घाणीत हात घातले, आता ती घाण माझ्या हातात..."

आणि सासूबाई हसल्या. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. आक्काही बघत राहिल्या.

"हसतेस काय, मूर्ख?"

"आक्का," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पंधरा वर्षं तोंडात घालून हिंडतेस, तेव्हा नाही किळस आली? हातात आल्या की घाण?"

आक्कांनी बोलायला तोंड उघडलं. समोर आरसा होता. आरशात त्यांना आपले उघडे दात दिसले, आणि खाली मनगटावरच्या दाढा दिसल्या. एकच रंग, एकच पॉलिश. कुणीही ओळखलं असतं, एकाच हातची भावंडं होती ती.

त्यांचा चेहरा आधी लाल झाला. मग काय झालं कुणास ठाऊक, त्यांच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं रडताहेत. हसत होत्या. दोघी बहिणी बेसिनला धरून, एकमेकींना धरून, वाकून वाकून हसत होत्या. मी हे मुद्दाम नोंदवून ठेवते, की एवढं हसूनही आक्कांची कवळी जागची तसूभर हलली नाही.

तोंड धुऊन आक्का परत व्यासपीठावर गेल्या. ब्रेसलेट हातातच होतं. माइक ओढून घेतला.

"मागून कोण बोललं? उभा राहा."

साठीला आलेला एक आडदांड गृहस्थ उभा राहिला.

"तू तेव्हाही शेवटच्या बाकावरच असायचास. बस." मग त्यांनी ब्रेसलेटचा हात वर केला. "या दाढाच आहेत. माझ्या मेहुण्यांनी केल्यात. ते समोर तिसऱ्या रांगेत डोळे मिटून बसलेत. यापूर्वीही त्यांनी माझ्यासाठी काही केलंय, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. आता सांगते, असं काम परदेशातही होत नाही." आणि त्या भरपूर दात दाखवून हसल्या. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. डॉक्टरांना तर पहिल्या क्षणी कळलं. ते चष्मा लावून आक्कांच्या तोंडाकडेच बघायला लागले.

टाळ्या पडल्या. सासऱ्यांनी डोळे उघडले, उभं राहायचं की बसायचं हे न कळून अर्धवट उभे राहिले, तसेच थोडा वेळ राहिले आणि बसले.

मला वाटलं होतं घरी जाताना ते खूश असतील. ते चिडलेले होते.

"काय गरज होती बोलायची? आता सगळे त्यांच्या तोंडाकडे बघणार. पंधरा वर्षं कुणाला संशय आला नव्हता!"

"अहो, तिनं तुमचं कौतुक केलं," सासूबाई म्हणाल्या.

"कौतुक कसलं! काम फुकट घालवलं." पण खिडकीकडे तोंड करून बसले आणि घर येईपर्यंत बोटांनी गुडघ्यावर काहीतरी वळवत राहिले.

पुढे काय झालं? डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातल्या सगळ्यांसाठी ब्रेसलेटं मागितली आणि सासऱ्यांनी पेटी त्यात रिकामी केली. क्लासमध्ये चार बायकांनी "आम्हालाही दाढाच हव्यात" म्हणून हट्ट धरला, तेव्हा बाईंनी फळ्यावर लिहिलं: क्लासमध्ये फक्त मणी आणावेत. मण्याची व्याख्या काय, यावर अर्धा तास वाद झाला.

आणि मंगळवारी दोन वाजता आक्का क्लासमध्ये हजर झाल्या. मी सासऱ्यांचा विसरलेला चष्मा द्यायला गेले होते म्हणून मला हे डोळ्यांनी बघायला मिळालं. त्यांना बघून क्लासच्या बाई दचकून उभ्याच राहिल्या. त्याही आक्कांच्या शाळेतल्या निघाल्या.

"बस बाळ," आक्का म्हणाल्या. "मी शिकवायला नाही, शिकायला आलेय." आणि त्या सासऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

सासऱ्यांनी त्यांच्या हातात गोल तोंडाची पक्कड दिली आणि तारेचा तुकडा दिला. आक्कांनी ओठ घट्ट मिटून तार वळवली. कडी झाली ती बटाट्यासारखी.

"परत," सासरे म्हणाले.

खोलीतल्या अकराही बायकांचे हात थांबले. आक्कांनी मान वळवली. याच नजरेनं त्यांनी तीस वर्षं पोरांना पाणी पाजलं होतं.

"कुणाला म्हणताय?"

"तारेला," सासरे म्हणाले. "तुम्हाला कसं म्हणेन?"

आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. मग तारेकडे. वाकडं टोक कापायला कटर उचललं, तोंड खाली धरलं, वर तळहाताचं झाकण केलं आणि पुन्हा सुरुवात केली.